ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या पुढे जा: बज बिम, टे राक, टॉवर हिल

मृणाल_वेरिबी

नमस्कार मंडळी. आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी इथे मेलबर्नला आलेत. प्रत्येक पाहुण्याला आपण जे दाखवतो ते सगळं दाखवून झालं, ग्रेट ओशन रोड, पेंग्विन, यारा व्हॅली वगैरे. पाच वर्षांपूर्वी सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका टूरवाल्याला विचारलेलं की ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या (ग्रेट ओशन रोडवरचे ते समुद्रातले दगडी सुळके) पुढे काय आहे, तो म्हणाला काही नाही, गायी आणि कुरणं. आम्ही विश्वास ठेवला आणि तिथूनच गाडी वळवली. या वेळी पुढे गेलो आणि आता वाटतंय की इतकी वर्षं इथे राहून आपण नेमकं पाहिलं तरी काय.

वॉर्नंबूल आणि पोर्ट फेरीच्या पुढे, हेवूड गावाजवळ बज बिम आहे. हा गुंडिजमारा लोकांचा प्रदेश. २०१९ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून घेतलं आणि निव्वळ अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) सांस्कृतिक मूल्यांसाठी यादीत गेलेली ही ऑस्ट्रेलियातली पहिली जागा. इथे काय आहे, तर किमान ६६०० वर्षांपूर्वीपासून चालत आलेली मत्स्यशेती. म्हणजे पिरॅमिडच्याही आधी. वाम पाळायची, वाढवायची, धरायची, धुरी देऊन टिकवायची आणि दुसऱ्या लोकांशी देवाणघेवाण करायची. त्यासाठी लाव्हाच्या दगडात कोरलेले आणि रचलेले कालवे, बंधारे, डोह, सगळं अजून जागेवर आहे.

आम्ही गुंडिजमारा लोकांच्याच संस्थेची टूर घेतली, अर्ध्या दिवसाची. दोन तासांची आणि पूर्ण दिवसाचीही असते. आधी ऑनलाइन बुक करावी लागते, आयत्या वेळी गेलात तर मिळेलच असं नाही. गाइड तिथलाच तरुण मुलगा, त्याने सुरुवातीला सगळ्यांना थांबवून आपल्या भाषेत स्वागत केलं आणि मग इंग्रजीत सांगितलं की तुम्ही आता आमच्या घरात आहात.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं होते. गुडघे दुखतात म्हणून गाडीतच बसतो म्हणत होते, ते पहिल्या चरापाशी जे उकिडवे बसले ते उठेनात. फूटभर खोल असेल तो चर, कडेला काळे दगड, मध्ये गवत वाढलेलं, मला आधी ओढा वाटला. बाबा हात फिरवत म्हणाले, "अगं हा ओढा नाही, याला उतार दिलाय. पाणी चढलं की इकडून आत आणि उतरलं की तिकडून बाहेर, मधे टोपली लावायला जागा ठेवलीय बघ." मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं तर तो इतका खूश झाला की पुढचा तासभर ते दोघं आणि मधे मी दुभाषी.

आणि दगड! बाबांनी एक दगड ठोकून पाहिला (परवानगी विचारून, तिथे दगड हलवायचे नसतात) आणि म्हणाले हा तर आपलाच काळा पाषाण. खरंच बसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त हा लाव्हा फार अलीकडचा, साधारण ३७,००० वर्षांपूर्वी बज बिम ज्वालामुखीतून वाहिलेला. गुंडिजमारा सांगतात की बज बिम हा त्यांचा पूर्वज, जमिनीतून वर आलेला, डोंगर म्हणजे त्याचं कपाळ आणि लाव्हाचे दगड म्हणजे त्याचे दात. बज बिमचा अर्थच उंच डोकं. गाइड शांतपणे म्हणाला, आमचे लोक तेव्हा इथे होते, त्यांनी ते पाहिलंय. मला अंगावर काटा आला.

कोणी गेलंय का? आणखी काय पाहायचं राहिलं असेल तर सांगा, नाताळच्या सुट्टीत परत जायचा विचार आहे.

कोकणचा_मासेखाऊ

मृणालताई, अप्रतिम लिहिलंय. वाम म्हटल्यावर मी जागा झालो. ही आपली समुद्रातली वाम नव्हे ना? चव कशी असते?

मृणाल_वेरिबी

नाही, ही गोड्या पाण्यातली, आखूड पंखाची. ते तिला कुयांग म्हणतात. गंमत अशी की ही जन्मते समुद्रात, थेट कोरल सीमध्ये, म्हणजे क्वीन्सलँडच्याही पलीकडे. काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर खाली येतात, नदीतून वर चढतात, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून मोठी होतात आणि मग शरद ऋतूतल्या पावसाला पाणी चढलं की परत समुद्राकडे निघतात, अंडी घालतात आणि मरतात. हा सगळा हिशोब माहीत असल्याशिवाय ते कालवे बांधताच येणार नाहीत, बाबांचं म्हणणं हेच. लहान पिल्लांना आत घ्यायचं, डोहात वाढू द्यायचं, आणि परतीच्या वाटेवर फक्त मोठी धरायची.

चव: टे राक तळ्याच्या काठी त्यांचं केंद्र आणि कॅफे आहे, २०२२ मध्ये सुरू झालं, तिथे धुरी दिलेली कुयांग खाल्ली. तेलकट, घट्ट, बांगड्याच्या जवळ जाणारी पण धुराचा वास आत मुरलेला. पूर्वी मॅना गम झाडांच्या पोकळ बुंध्यात धुरी द्यायचे. अशी झाडं अजून उभी आहेत, आत काळी झालेली. आईने मासे सोडलेत, तिने चहा आणि स्कोन घेतला आणि तळ्याकडे बघत बसली.

सुहास_बॅलरॅट

आम्ही २०१७ मध्ये गेलेलो, तेव्हा हे केंद्र नव्हतं आणि आम्ही गाइडही घेतला नव्हता. खरं सांगतो, आम्हाला फक्त दगड दिसले. नॅशनल पार्कमध्ये फिरलो, लेक सरप्राइजला चक्कर मारली, कोआला दिसले, मुलं खूश, परत आलो. तुमचा धागा वाचून कळतंय की आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हा नुकतंच माउंट एकल्सचं नाव बदलून बज बिम नॅशनल पार्क केलं होतं, तेवढी पाटी लक्षात आहे.

मृणाल_वेरिबी

सुहासदादा, म्हणूनच मी इतका जोर देतेय की गाइड घ्याच. दगडांवर पाट्या नाहीत. आणि काही जागा अशा आहेत की तिथे त्यांच्याशिवाय जाताच येत नाही, जायलाही नको. पैसे पण त्यांच्याच संस्थेला जातात, त्यांच्याच पोरांना त्यांच्याच जमिनीवर काम मिळतं.

रेवती_जीलाँग

धागा वाचतेय, फार आवडला. एक प्रश्न, आपण मराठीत यांना काय म्हणायचं? मी मुलाला "इथले आदिवासी" म्हणाले तर तो म्हणाला शाळेत फर्स्ट नेशन्स म्हणायला सांगितलंय. आदिवासी म्हणणं चुकीचं आहे का?

अण्णा_बेंडिगो

रेवती, आदिवासी शब्दाचा अर्थ वाईट नाही, आपल्याकडे लोक स्वतःला अभिमानाने म्हणवतात. पण इथे एकच एक समाज नाही, शेकडो आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्यांच्या भूमीवर आहात त्यांचं नाव घ्यायचं. जीलाँगला तू वाथवुरुंगांच्या भूमीवर आहेस, मी जाजावुरुंगांच्या, मृणाल गेली ती गुंडिजमारांकडे. कोणी भेटलं की आपण कुठले विचारतो ना, सातारकर की कोल्हापूरकर, तसंच. नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, मी अनुभवलंय.

मी इथे १९८८ पासून आहे. टे राक पूर्वी लेक कोंडाह नावाने माहीत होतं आणि तेव्हा तिथे तळंच नव्हतं हे मृणालने लिहिलं नाही म्हणून लिहितो. गोऱ्या शेतकऱ्यांना कुरण हवं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चर खणून ते पाणी काढून टाकत गेले, १९५० च्या दशकात तर जवळजवळ कोरडंच पडलं. गुंडिजमारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१० मध्ये बंधारा बांधून पाणी परत आणलं. २००७ मध्ये त्यांना कोर्टाने जमिनीचा मूळ हक्क मान्य केला होता. आज तुम्ही कॅफेच्या डेकवर बसून जे पाणी बघता ते असं परत आलेलं पाणी आहे.

कोकणचा_मासेखाऊ

बापरे. हे माहीतच नव्हतं अण्णा. म्हणजे ६६०० वर्षांची शेती आणि शंभर वर्षांत कोरडी.

अण्णा_बेंडिगो

अजून आहे. जवळच लेक कोंडाह मिशन आहे. १८६० च्या दशकात चर्चने ते सुरू केलं आणि गुंडिजमारांना तिथे आणून ठेवलं. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी वसाहतवाल्यांशी झुंज दिली, युमेराला युद्ध म्हणतात त्याला, लाव्हाच्या दगडाळ रानात घोडे जात नाहीत म्हणून ते तिथून लढायचे (गनिमी कावा वाचत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको). मिशनमध्ये बसाल्टचं देखणं चर्च होतं. मिशन बंद झालं तरी लोक चर्चला जात राहिले, तर १९५७ मध्ये सुरुंग लावून ते चर्च उडवलं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट, रेग सॉंडर्स. ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला अ‍ॅबोरिजिनल अधिकारी, १९४४ मध्ये कमिशन मिळालं, लेक कोंडाहलाच वाढलेला. त्याचा भाऊ हॅरी १९४२ मध्ये न्यू गिनीत मारला गेला. युद्धानंतर सरकारने परतलेल्या सैनिकांना जमिनी वाटल्या, मिशनची जमीनसुद्धा त्यात गेली, पण तिथल्याच अ‍ॅबोरिजिनल सैनिकांना त्यातली मिळाली नाही. मिशनची उरलेली जमीन १९८७ मध्ये परत मिळाली. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे ही गोष्ट मी कोणाला सांगायला लागलो की आवाज जड होतो.

मृणाल_वेरिबी

अण्णाकाका, गाइडने चर्चचं सांगितलं तेव्हा त्याने रागाने नाही सांगितलं. फक्त एवढंच म्हणाला की माझ्या आजीला तो आवाज आठवत होता. पुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शर्वरी_पॉइंटकुक

मी विणकाम करते म्हणून विचारते, वाम धरायच्या टोपल्या बघायला मिळतात का? आणि शिकायला?

मृणाल_वेरिबी

हो गं! टोपली लांबुळकी असते, तोंडाशी रुंद आणि शेवटाला निमुळती होत जाते, इतकी की वाम डोकं बाहेर काढते आणि धरणारा पलीकडे बसून उचलून घेतो. पुन्यार्त नावाच्या गवताची. गवत ओलं करून, गुंडाळून टाका टाका घालत जातात, हाताला धार लागते त्याची. गाइडने मला दोन टाके घालू दिले, माझे सैल पडले, त्याने न बोलता उसवले आणि परत हातात दिले. कधी कधी विणकामाच्या कार्यशाळा होतात, हेवूडच्या विंडा-मारा संस्थेकडे किंवा टे राकला विचार.

याच्यात कॉनी हार्ट हे नाव आवर्जून सांगते. लेक कोंडाहकडची गुंडिजमारा बाई. तिची आई टोपल्या विणायची पण मुलीला शिकवायची नाही, कारण आता गोऱ्यांच्या पद्धतीने राहायचंय असं तिच्या मनावर बिंबवलं होतं. कॉनी लहानपणी लांबून बघून बघून शिकली आणि उतारवयात, आई गेल्यावर, पहिली टोपली केली. मग तिने पुढच्या बायकांना शिकवलं. आज जी विणणारी आहेत त्यातल्या कितीतरी जणींचा धागा तिच्यापर्यंत जातो. माझ्या आजीची गोधडी आठवली, तिनेही कोणाला बसवून शिकवली नाही, आम्ही मांडीशी लुडबुडतच शिकलो.

शर्वरी_पॉइंटकुक

डोळ्यात पाणी आणलंस. जाणार म्हणजे जाणार.

सुहास_बॅलरॅट

वाटेत टॉवर हिल चुकवू नका, वॉर्नंबूल आणि पोर्ट फेरीच्या मधे. ज्वालामुखीचं मोठं विवर, आत तळं आणि टेकड्या, इमू अगदी गाडीच्या काचेशी येतात (खायला देऊ नका प्लीज, मुलांना आधीच सांगून ठेवा). गोऱ्यांनी झाडं तोडून आणि गुरं चारून ते बोडकं करून टाकलं होतं. १८५५ मध्ये फॉन गेरार नावाच्या चित्रकाराने तिथलं इतकं बारकाईने चित्र काढलं होतं की १९६० च्या दशकापासून झाडं लावताना कुठे काय होतं हे त्या चित्रावरून ओळखलं. चित्र बघून जंगल परत लावलंय! वॉर्न गुंडिज ही अ‍ॅबोरिजिनल संस्था तिथे फेऱ्या काढते, खाण्याची आणि औषधी झाडं दाखवतात.

जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर वॉर्नंबूलला लोगन्स बीचवरून व्हेल आणि पिल्लं दिसतात, फुकट. थंडी बोचरी, टोप्या न्या.

रेवती_जीलाँग

आणि पोर्ट फेरीच्या पुढे यांबकच्या बाजूने समुद्रात एक सपाट बेट दिसतं ना? आम्ही नुसते फोटो काढले होते.

अण्णा_बेंडिगो

ते डीन मार. गुंडिजमारांच्या श्रद्धेप्रमाणे माणूस गेला की त्याचा आत्मा तिकडे जातो. लांबूनच बघायचं, नमस्कार करायचा.

आणि जाताना किनाऱ्याने गेलात तर येताना आतल्या रस्त्याने या, कॅम्परडाउनवरून. तिथल्या स्मशानात एक उंच दगडी स्तंभ आहे, वोंबीच पुयून या तिथल्या अ‍ॅबोरिजिनल माणसासाठी. जेम्स डॉसन नावाच्या स्कॉटिश माणसाने तो उभारला. तो लोकांकडे वर्गणी मागत फिरला, बहुतेकांनी नाही म्हटलं, शेवटी बहुतांश स्वतःच्या खर्चाने केला. वोंबीचला स्मशानाच्या बाहेर पुरलं होतं, तर डॉसनने स्वतः ते अवशेष काढून स्तंभाखाली नेऊन ठेवले. स्तंभावर १८४० आणि १८८३ अशी दोन सालं आहेत. गोरे आल्यापासून तिथल्या टोळ्या संपल्या असं त्याला वाटलं तोवरची. अर्थात ते लोक संपले नाहीत, त्यांचे वंशज आहेत. पण त्रेचाळीस वर्षं, एवढा काळ पुरला.

दादर_ते_डँडिनाँग

क्रिकेटवाल्यांनो, हॅरोचं कोणीच कसं लिहिलं नाही!! त्याच पश्चिम भागात, बज बिमच्या उत्तरेला हॅरो नावाचं पिटुकलं गाव आहे. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियाची पहिली टीम इंग्लंडला खेळायला गेली ती पूर्ण अ‍ॅबोरिजिनल टीम होती, बरेचसे खेळाडू याच भागातले, मेंढपाळीच्या रानांवर काम करणारे. ४७ मॅच, १४ जिंकल्या, १४ हरल्या, १९ ड्रॉ. लॉर्ड्सवर खेळले. त्यातला हिरो जॉनी मुलाघ, त्याचं खरं नाव उनारिमिन. त्या एका दौऱ्यात दीड हजारांवर रन आणि दोनशेच्या वर विकेट. किंग कोल नावाचा खेळाडू तिकडेच लंडनमध्ये क्षयाने गेला.

आता ऐका. २०२० पासून बॉक्सिंग डे टेस्टच्या मॅन ऑफ द मॅचला मुलाघ मेडल देतात, आणि ते पहिल्यांदा कोणाला मिळालं? आपल्या अजिंक्य रहाणेला! अ‍ॅडलेडला ३६ ऑल आउट झाल्यावर, कोहली परत गेल्यावर, मेलबर्नला ११२ मारले आणि मॅच काढली ती. मी स्टेडियममध्ये होतो, कोविडमुळे प्रेक्षक कमी सोडले होते, मेडल गळ्यात घातलं तेव्हा मुलाघ कोण हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं आणि पुढच्याच इस्टरला हॅरोला गेलो.

कोकणचा_मासेखाऊ

काय सांगता! रहाणेचं मेडल माहीत होतं, त्यामागे हा माणूस आहे हे नव्हतं.

अण्णा_बेंडिगो

आणखी एक दुवा जोडतो. १८७९ मध्ये मुलाघ आपल्या या व्हिक्टोरिया राज्याकडून लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश टीमविरुद्ध खेळला, दुसऱ्या डावात टीममध्ये सर्वात जास्त रन त्याचेच. हाच हॅरिस पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आपली हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची, ज्यात सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली. पण इकडे दौऱ्यानंतर १८६९ मध्ये व्हिक्टोरियात असा कायदा आला की अ‍ॅबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकार ठरवणार. परत इंग्लंडला जाणं विसरा. इतका मोठा खेळाडू, त्यानंतर व्हिक्टोरियाकडून पुन्हा खेळला नाही.

रेवती_जीलाँग

हॅरोमध्ये बघायला काय आहे दादा? मुलगा अकरा वर्षांचा, क्रिकेटवेडा.

दादर_ते_डँडिनाँग

मुलाघच्या नावाचं छोटं म्युझियम आहे, गावातली माणसंच चालवतात, जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. मैदान आहे त्याच्या नावाचं. आणि गावाच्या स्मशानात त्याची कबर, १८९१ मध्ये गेला. मेलबर्नहून चार-साडेचार तास लागतात, शेवटच्या भागात मोबाइल रेंज जाते, पेट्रोल हॅमिल्टनला भरून घ्या. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

मृणाल_वेरिबी

दादा, शंभर धन्यवाद! नाताळचा प्लॅन आता असा ठरला, दोन रात्री पोर्ट फेरी, एक हॅमिल्टन, वाटेत हॅरो. बाबांना रहाणेचं सांगितलं तर ते म्हणाले तो संगमनेरकडचा, आपल्या नगर जिल्ह्यातला, आणि लगेच उठून बॅग काढायला लागले, अजून दोन महिने आहेत म्हटलं तरी.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी, बंद बूट घाला, गवतात टायगर स्नेक असतात. आगीचा धोका असेल त्या दिवशी पार्क बंद ठेवतात, आदल्या दिवशी बघून घ्या. २०१९ च्या डिसेंबरात तिथे आग लागली होती, झुडपं जळून गेल्यावर खाली आणखी एक कालवा सापडला, पंचवीसेक मीटर लांब. इतका काळ गवताखाली होता. बाबांना तो बघायचा आहेच, वहीत त्यांनी पहिल्या चराचा आडवा छेद काढून ठेवलाय, मापं अंदाजाने, आणि खाली लिहिलंय "उतार पुन्हा तपासणे".

शर्वरी_पॉइंटकुक

मृणाल, तुमच्या गाडीत जागा असेल तर मी येते, डबा माझ्याकडे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, काकूंना चालेल ना?

मृणाल_वेरिबी

चालेल काय, पळेल! ये. टे राकची टूर २७ तारखेला सकाळची मिळतेय, सहा जणांसाठी टाकते.